केबल काढली, आता मॅच कुठे बघायची?

केबल बंद करण्याआधी शेवटचं बिल एकदा नीट वाचा. आधी नेटवर्कची फी, मग वाहिन्यांचे पैसे, आणि त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. खेळासाठी म्हणून आपण जे मोजतो ते यातल्या चार-पाच वाहिन्यांचं. आणि त्या चार-पाच वाहिन्यांवर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची पाटाकडील विरुद्ध दिलबहार ही फुटबॉलची लढत कधी लागली नाही, जत्रेतलं कुस्तीचं मैदान लागलं नाही, मुंबईची पावसाळी क्रिकेटची कांगा लीगही लागली नाही. लागलीच असेल तर केबलवाल्याच्या स्वतःच्या स्थानिक वाहिनीवर, आणि त्यातल्या बहुतेक वाहिन्या आता यूट्यूबवर आल्या आहेत. म्हणजे जो खेळ आपल्या सगळ्यात जवळचा, त्यासाठी केबलची गरज फारशी नव्हतीच. पैसे लागतात ते आयपीएल आणि प्रो कबड्डीसारख्या मोठ्या स्पर्धांना, आणि तेही वर्षातले मोजके महिने.

सुरुवात करावी ती भारताच्या सामन्यांपासून, कारण ते सगळ्यात स्वस्तात मिळतात आणि याची माहितीच अनेकांना नाही. २००७ साली एक कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण खाजगी वाहिनीने दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचं, असा. या यादीत भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० आंतरराष्ट्रीय सामने आहेत, विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामने आहेत, टेनिसच्या डेव्हिस कपमधल्या भारताच्या लढती आहेत, फुटबॉलच्या संतोष ट्रॉफीचे शेवटचे टप्पे आहेत, ऑलिंपिक आणि आशियाई खेळही आहेत. पुढे २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरून दाखवायचं. केबल आणि खाजगी डीटीएचवरून ते जाता कामा नये. केबलवर डीडी वाहिनी लावली की ऐन सामन्याच्या वेळी दुसरंच काही लागतं ते याचमुळे. दूरदर्शनचं स्वतःचं डीटीएच म्हणजे डीडी फ्री डिश. महिन्याची फी शून्य. आयपीएल त्या यादीत नाही, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा. फ्री डिशवर आयपीएल नक्की दिसते असं सांगून डबा विकणाऱ्यावर विश्वास टाकू नका.

फ्री डिशला काय लागतं? साधारण दोन फुटी म्हणजे ६० सेंटीमीटरची छत्री, युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीच्या पुढे दांड्यावर बसणारं, सिग्नल पकडणारं यंत्र), आरजी-६ वायर, तिच्या दोन टोकांना स्क्रूचे दोन एफ-कनेक्टर आणि डबा. सगळं मिळून बसवण्यासकट दोन हजारांच्या आतबाहेर, एकदाच. डबा घेताना एमपीईजी-४ ही चित्र पाठवण्याची नवी पद्धत चालणाराच घ्या. जुने एमपीईजी-२ डबे स्वस्तात मिळतात, पण त्यांवर काही वाहिन्या उमटतच नाहीत आणि माणूस उगाच छत्री हलवत बसतो. घरातल्या टीव्हीच्या मागे दोन गोल स्क्रूचे सॉकेट असतील आणि मेनूत सॅटेलाइट ट्यूनर दिसत असेल, तर डबाही लागत नाही. वायर थेट टीव्हीला जोडता येते.

गच्चीवर आधीच बंद पडलेल्या डीटीएचची छत्री असेल तर नवी घेण्याचं कारण नाही. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. डिश टीव्हीची छत्री ९५ अंशांकडे बघते, म्हणजे जवळजवळ तिथेच; पुण्यात ती दक्षिणेकडे दोनेक अंश आणि वर अंशभर सरकवली की काम होतं. टाटा प्लेची ८३ अंशांवर असते, तिला पुण्यात पूर्वेकडे सुमारे २१ अंश वळवावं लागतं आणि सातेक अंश खाली झुकवावं लागतं. एअरटेलची १०८ अंशांवर, म्हणजे तिचं उलटं: दक्षिणेकडे वळवा आणि वर उचला. एलएनबी जुना असेल आणि सिग्नल मिळतच नसेल तर तो आधी बदला. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू आहे, त्यापायी अख्खी दुपार घालवू नका.

दिशेचे आकडे असे. कंपासवर उत्तर शून्य धरून पुण्यात १३२ अंश, मुंबईत १३१, कोल्हापुरात १२९, पणजीत १२७, नागपुरात १४५. सोप्या भाषेत आग्नेय, नागपूरकडे थोडी जास्त दक्षिण. उपग्रहाची क्षितिजापासूनची उंची सगळीकडे ५८ ते ६१ अंशांच्या दरम्यान. पण छत्री ५९ अंशांवर उभी दिसायला हवी असं समजू नका. आपल्याकडच्या या छत्र्या ऑफसेट बनावटीच्या असतात. त्या दिसतात त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचं बघतात. त्यामुळे बरोबर लागलेली छत्री डोळ्यांना बरीच उभी, जणू समोरच्या इमारतीकडे बघतेय अशी वाटते. नवखा माणूस तिला आकाशाकडे पाडतो आणि इथेच चुकतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी बाल्कनीत उभे राहून आग्नेयेला आकाश मोकळं आहे का ते बघा. बाल्कनी उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल तर तिथे छत्री लावण्यात अर्थ नाही. सोसायटीकडून गच्चीची परवानगी घ्या.

बसवताना सगळ्यात महत्त्वाचा तो खांब. ओळंबा लावून खांब दोन्ही बाजूंनी सरळ आहे का ते बघा. खांब तिरका असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही आपोआप बदलत जाते आणि काहीच जुळत नाही. फोनचा कंपास छत्रीजवळ धरू नका, लोखंडामुळे तो खोटं दाखवतो. दोन-तीन मीटर लांब उभं राहून दिशा घ्या, त्या दिशेला समोरची एखादी खूण धरा, टाकी, झाड, काहीही, आणि छत्री त्या खुणेकडे वळवा.

मग डब्यात एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६०० निवडा, २२ किलोहर्ट्झ बंद किंवा ऑटो ठेवा, आणि वारंवारता ११०९०, व्ही, सिम्बॉल रेट २९५०० भरा. आता पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंथची पट्टी बघून खूश होऊ नका, एलएनबीला वीज मिळाली की ती वर जातेच. बघायची ती क्वालिटी. छत्री बोटभर सरकवा आणि थांबा. मनात पाच आकडे मोजा. डब्याला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात. सतत फिरवत राहिलात तर बरोबर जागेवरून दहा वेळा पुढे निघून जाल आणि कळणारही नाही. डावी-उजवीकडे काही मिळालं नाही तर उंची दोन अंश बदला आणि पुन्हा तोच फेरा. क्वालिटी आली की आधी दिशा, मग उंची, आणि शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा-थोडा फिरवून सगळ्यात वरचा आकडा शोधा. हा शेवटचा फेरा मेकॅनिकसुद्धा टाळतात, आणि पावसाळ्यात सिग्नल जातो तो याच आळसामुळे. नट आवळताना पट्टीवर नजर ठेवा, कारण आवळतानाच छत्री हलते.

वायर जोडताना डबा बंद, प्लग काढलेला. एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट याच वायरमधून जातात. वायरच्या बाहेरच्या जाळीची एक तार मधल्या तांब्याला टेकली की शॉर्ट. कनेक्टरच्या तोंडातून तांबं एक-दोन मिलिमीटरच बाहेर राहू द्या. एलएनबीजवळ वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी झोळातून गळून जाईल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. वर रबरी टेप गुंडाळा. सहा महिन्यांनी चित्र फुटायला लागलं तर शंभरातल्या नव्वद वेळा छत्री हललेली नसते, याच कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढलेला असतो. टोक कापा, नवा कनेक्टर लावा.

मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं सिग्नल जाणारच, कोणत्याही डीटीएचचा जातो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची छत्री घ्या. तिने सव्वादोन पट सिग्नल गोळा होतो, आणि मध्यम पाऊस सहज निभावतो. वाऱ्याचा जोर मात्र तिच्यावर जास्त येतो, तेव्हा खांबही जाड हवा.

ज्यांना छत्री लावताच येत नाही त्यांच्यासाठी प्रसार भारतीचं वेव्हज हे मोफत ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात सुरू झालेलं. त्यावर डीडीच्या वाहिन्या थेट दिसतात. पण ज्या सामन्याचे डिजिटल हक्क दुसऱ्याकडे आहेत तो तिथे मिळेल अशी आशा ठेवू नका. भारताचं क्रिकेट फुकट बघायचं तर छत्रीला पर्याय नाही.

आता पैशांचा भाग. आयपीएल, प्रो कबड्डी आणि रणजीचे थेट दाखवले जाणारे सामने सध्या जिओहॉटस्टारवर मिळतात. हे ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन ॲप एकत्र होऊन आलं. तेव्हा मोबाइलचा तीन महिन्यांचा प्लॅन १४९ रुपयांना होता. दर बदलत राहतात, घेण्याच्या दिवशी बघून घ्या. पण दरापेक्षा तारीख महत्त्वाची. आयपीएल दोन-सव्वादोन महिने चालते. तीन महिन्यांचा प्लॅन पहिल्या सामन्याच्या संध्याकाळी घेतलात तर अंतिम सामना त्यात बसतो. महिनाभर आधी जाहिरात बघून घेतलात तर नेमका प्लेऑफच्या आठवड्यात संपतो आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. वर्षाचा प्लॅन त्यांनीच घ्यावा जे रणजी, कबड्डी आणि आयपीएल तिन्ही खरोखर बघतात. घेतल्या घेतल्या आपोआप नूतनीकरण बंद करा. नुसतं ॲप काढून टाकल्याने ते थांबत नाही, यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन मंजुरी रद्द करावी लागते. आणि सगळ्याआधी तुमच्या मोबाइल रिचार्जबरोबर किंवा ब्रॉडबँडबरोबर हे ॲप फुकट येतंय का ते तपासा. कितीतरी घरांत दोनदा पैसे भरले जातात.

मोबाइलचा प्लॅन टीव्हीवर चालत नाही, आणि इथे लोक फसतात. फोनचा पडदा टीव्हीवर मिरर केला तर आवाज येतो, चित्र काळं, कारण ॲप ते मुद्दाम अडवतं. वायरने जोडायचं म्हणून यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल आणली तर ती फोनच्या सॉकेटमधून चित्र बाहेर निघत असेल तरच चालते, आणि स्वस्त फोनमध्ये सहसा ती सोय नसते. टीव्हीवर बघायचं असेल तर टीव्ही चालणारा प्लॅनच घ्या.

डेटाचा हिशेब सोपा आहे: १ एमबीपीएस म्हणजे तासाला सुमारे ०.४५ जीबी. ४८० पीचं चित्र साधारण १ एमबीपीएस घेतं, ७२० पी अडीच-तीन, १०८० पी पाच-सहा. टी-२० चार तास धरला तर ७२० पीला पाच जीबीच्या आसपास. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर बसलेला माणूस पहिला डाव संपायच्या आतच अडकतो. घरी तार असलेला इंटरनेट असेल तर ४० एमबीपीएस पुरून उरतो. तरीही चित्र अडखळत असेल तर दोष बहुधा वायफायचा. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर टाका, नाहीतर सरळ लॅनची वायर ओढा. शेवटच्या षटकांत सगळा देश एकाच वेळी बघत असतो, तेव्हा ऑटोवर चित्र खालीवर होतं. आधीच ७२० पीवर अडकवून ठेवलं तर बरं चालतं.

ॲपवरचं चित्र छत्रीपेक्षा वीस ते चाळीस सेकंद मागे असतं. शेजारी फ्री डिश असेल तर विकेट भिंतीतून आधी ऐकू येईल. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांचे आवाज बंद ठेवा. आकाशवाणीचं समालोचन ऐकत ॲपवर चित्र बघण्याची सवय असेल तर तीही जुळत नाही, रेडिओ पुढे धावतो. फ्री डिशबरोबर मात्र बरीच जुळते.

रणजीबद्दल एक गोष्ट. एका फेरीतले सगळे सामने कॅमेऱ्यावर नसतात, ठरावीकच दाखवतात. महाराष्ट्र किंवा विदर्भाचा सामना दाखवणार आहेत की नाही हे आधी बघा, मगच प्लॅन घ्या. न दाखवलेल्या सामन्याचा चेंडूगणिक धावफलक बीसीसीआयच्या साइटवर फुकट असतो. ज्यांना पूर्ण हंगामाचं नको, एखादी स्पर्धाच हवी, त्यांनी फॅनकोड हे ॲप बघावं. तिथे एका सामन्याचा किंवा एका स्पर्धेचा पास मिळतो.

टेलिग्रामवरच्या आणि शंभर रुपयांत सगळं दाखवणाऱ्या लिंकांना हात लावू नका. त्या ऐन सामन्यात बंद पडतात, सोबत ॲप घ्यायला लावतात, ते ॲप फोनमधले मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि बँकेचा ओटीपी त्याच मेसेजमध्ये येतो.

आणि आता खरा आपला खेळ. कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम सुरू झाला की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस या संघांच्या लढती स्थानिक वाहिन्या यूट्यूबवर थेट दाखवतात. पेठापेठांतलं हे वैर, तालमींच्या नावाने खेळणारे संघ, गच्च भरलेलं शाहू स्टेडियम, असा फुटबॉल महाराष्ट्रात दुसरीकडे नाही, आणि पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या कोल्हापूरकराला तो आता कोणत्याही केबलपेक्षा यूट्यूबवर जास्त सापडतो. महाराष्ट्र केसरीच्या गादी आणि माती या दोन्ही गटांच्या कुस्त्या, जत्रांतली मैदानं, ठाणे-रायगडकडची टेनिस बॉल क्रिकेटची रात्रीची सामनेबाजी, बैलगाडा शर्यती, उपनगरांतली कबड्डी, सगळं तिथे आहे. शोधताना मराठीत शोधा, दोन्ही संघांची नावं आणि तारीख घालून. इंग्रजीत शोधलं तर भलतंच वर येतं. एकदा खरी वाहिनी सापडली की सबस्क्राइब करून घंटी दाबून ठेवा. गावोगावच्या क्रिकेटसाठी क्रिकहीरोज ॲपवर धावफलक असतो आणि काही सामन्यांचं चित्रही.

खोटं थेट प्रक्षेपण ओळखायला शिका. व्हिडिओ गेममधला सामना, नाहीतर मागच्या वर्षीचं चित्रण वर धावफलक चिकटवून लाईव्ह म्हणून चालवलेलं असतं. मैदानाचा आवाज पुन्हापुन्हा तोच येतोय का ऐका. पडद्यावर फक्त फोटो आणि खाली लिंक असेल तर लगेच बाहेर पडा.

स्थानिक प्रक्षेपण बहुतेक वेळा एका फोनवरून फोर-जी नेटवर चालतं. ते अडकलं की तुमचं नेट तपासत बसू नका. तिकडची गर्दी वाढली की टॉवर दमतो. पट्टी थोडी मागे ओढून मिनिटभर उशिरा बघा, चित्र सलग चालतं. यूट्यूब टीव्हीवर टाकायला कास्टचं बटण वापरा. मग चित्र टीव्ही स्वतः ओढतो आणि फोन मोकळा राहतो.

गावातच असाल तर मैदानावर जा. रणजीच्या सामन्याला वानखेडेवर, पुण्याजवळ गहुंज्याला, नागपूरजवळ जामठ्याला किंवा नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर सहसा तिकीट नसतं. एखादा मोठा खेळाडू रणजी खेळायला उतरला की गर्दी होते, त्या दिवशी नऊच्या आत पोहोचा. फाटकावर पॉवर बँक आणि पाण्याची बाटली अनेकदा काढून घेतात, तेव्हा फोन घरून भरून न्या. महिला क्रिकेटकडे लक्ष ठेवा: २०२५ च्या महिला विश्वचषकाची तिकिटं १०० रुपयांपासून होती, आणि भारताने तो नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जिंकला.

मुंबईत पावसाळ्यात कांगा लीग असते, १९४८ पासूनची. आझाद, क्रॉस, ओव्हल, शिवाजी पार्क, कुठेही तिकीट नाही. खेळपट्टी ओली असते आणि मैदानातल्या वाढलेल्या गवतात चेंडू अडकतो, त्यामुळे फलंदाज चौकारासाठी तो उचलूनच मारतात. सीमारेषेच्या झेंड्याच्या आत उभे राहू नका आणि पाठीमागच्या मैदानावरच्या दुसऱ्या सामन्याकडेही एक डोळा ठेवा, चेंडू तिकडूनही येतो.